तुमचे प्रश्न : कृत्तिकांचं वय आणि मॅडमचे मार्क

या वेळी पत्रांत दोनच विषय निघाले. कृत्तिका आता संध्याकाळच्या उगवायला लागल्यात म्हणून तारकागुच्छांबद्दलची पत्रं, आणि सेमिस्टर संपत आलं की कॉलेजात फीडबॅकचे फॉर्म फिरतात म्हणून शिकवण्याबद्दलची. आधी वाटलं दोन अंकांत वाटून द्यावीत. पण उत्तरं लिहायला बसले तर दोन्हीकडची अडचण एकच निघाली. ताऱ्याचा उजेड मोजता येतो, पण आपल्याला हवं असतं त्याचं वय आणि वस्तुमान. शिक्षकाला मुलांनी दिलेले मार्क मोजता येतात, पण हवं असतं मुलांना किती आलं ते. मग म्हटलं एकत्रच घेऊ.

प्रश्न : मॅडम, मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला यंग स्टार क्लस्टर घ्यायचं मनात आहे, पण आमच्याकडे दुर्बीण म्हणजे एक चार इंची, तीही कपाटात. गाईड सर म्हणतात ते पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतल्या लोकांचं काम, तू दुसरा टॉपिक बघ. खरंच जमणार नाही का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : जमेल रे, आणि दुर्बीण राहू दे कपाटात. गाया नावाचा युरोपियन स्पेस एजन्सीचा उपग्रह २०१३ च्या डिसेंबरात वर गेला आणि जानेवारी २०२५ पर्यंत आकाश मोजत राहिला. २०२२ च्या जूनमध्ये त्याचा तिसरा डेटा आला, त्यात १८० कोटींच्या आसपास तारे आहेत आणि तो जगात कुणालाही फुकट मिळतो, म्हणजे केंब्रिजच्या प्रोफेसरला जो डेटा तोच तुला. अशा याद्या चाळून आलेख काढणारं टॉपकॅट नावाचं सॉफ्टवेअर पण फुकट आहे, लॅबमधल्या जुन्या पीसीवर चालतं.

कृत्तिकांपासून सुरू कर. विषुवांश ५६.७५ अंश, क्रांती अधिक २४.१ अंश (हे आकाशातले रेखांश-अक्षांश समज), आणि भोवती दोन अंशांचं वर्तुळ. एवढ्यात जे तारे येतील ते सगळे डाउनलोड कर, हजारोंनी येतील, घाबरू नको, त्यातले बहुतेक कृत्तिकांचे नसतातच, मागचेपुढचे वाटसरू असतात. आता त्यांची निजगती प्लॉट कर, म्हणजे तारा दरवर्षी आकाशात किती सरकतो ते, एक घटक आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या. शून्याच्या आसपास एक मोठा ढग दिसेल आणि त्यापासून लांब, आडवं अधिक २० आणि उभं उणे ४५ मिली-आर्कसेकंदांपाशी (एक मिली-आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६ लाखावा भाग) एक छोटा घट्ट ठिपक्यांचा पुंजका दिसेल. त्या कृत्तिका. मी हे मुलांकडून करून घेते तेव्हा तो पुंजका स्क्रीनवर आला की सगळा लॅब एकदम गप्प होतो, कारण डोळ्यांना आकाशात जो गुच्छ दिसतो तो इथे कुणी न सांगता आपोआप वेगळा पडलेला असतो. एकत्र चाललेली वारी जशी गर्दीतून ओळखू येते ना, सगळ्यांची दिशा एक आणि चाल एक, तसंच आहे हे.

मग पॅरॅलॅक्सची चाळणी लाव, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जागेवरून किती हलल्यासारखा दिसतो ते, जितका जवळ तितका जास्त. कृत्तिकांचा पॅरॅलॅक्स ७.४ मिली-आर्कसेकंदांच्या जवळ येतो, म्हणजे अंतर १३५ पार्सेक, साधारण ४४० प्रकाशवर्षं. ही चाळणी किती महत्त्वाची ते रोहिणीवरून बघ. रोहिणीचा लाल तारा हायडीज नावाच्या गुच्छात अगदी मधोमध बसल्यासारखा दिसतो पण तो त्या गुच्छाचा नाहीच, गुच्छ १५० प्रकाशवर्षांवर आणि रोहिणी ६५ वर. नुसतं दिसण्यावर गेलो असतो तर परक्याला घरचा धरून बसलो असतो.

आता जे सदस्य उरले त्यांचा रंग आडवा आणि तेज उभं घेऊन आलेख काढ, हाच एचआर डायग्राम. तिरकी रांग मिळेल, ती मुख्य रांग. रांगेच्या थोडं वर, पाऊण मॅग्निट्यूडवर (मॅग्निट्यूड म्हणजे तेजाचं माप), समांतर दुसरी पुसट रांग दिसेल ती जोडताऱ्यांची, दोघांचा उजेड एकत्र आल्यामुळे वर सरकलेली. आणि वरच्या टोकाला निळे तारे जिथे रांग सोडून वळायला लागतात तिथे गुच्छाचं वय लपलेलं असतं. जड तारा इंधन भसाभस जाळतो, हलका पुरवून पुरवून. सूर्यासारखा तारा १००० कोटी वर्षं रांगेत राहतो, पण सूर्याच्या काही डझन पट जड तारा काही दशलक्ष वर्षांतच आटोपतो. म्हणून वळण जितकं खाली तितका गुच्छ म्हातारा. कृत्तिकांचं वय १२ कोटी वर्षांच्या आसपास येतं, पुष्य नक्षत्रातल्या गुच्छाचं ६०-७० कोटी. दोन्ही एकाच आलेखावर टाक, बघूनच कळेल थोरला कोण. मात्र एक ध्यानात ठेव, कृत्तिकांतले सगळ्यात ठळक तारे गायाला इतके तेजस्वी पडतात की त्यांची मापं नीट येत नाहीत, काही तर यादीत नसतातही, ते वेगळ्या कॅटलॉगमधून घ्यावे लागतील आणि तसं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिही.

मृगातल्या तेजोमेघातला दहा-वीस लाख वर्षांचा गुच्छ सध्या घेऊ नकोस. तिथे कमी वस्तुमानाचे तारे अजून आकसतायत, मुख्य रांगेवर पोचलेलेच नाहीत, आणि धुळीमुळे रंग आणि तेज दोन्ही बिघडतात, एका वर्षात त्यात अडकून पडशील.

आणि गाईड सरांना एवढंच दाखव की आयुकाच्या नावातच आंतरविद्यापीठ आहे. नारळीकर सरांनी १९८८ साली ती संस्था उभी केली ती विद्यापीठातल्या आणि कॉलेजातल्या माणसांना वापरता यावी म्हणून. त्यांच्याशी बोल, लाजू नकोस.

शेवटचं सांगते, कारण हे तुला व्हायव्हात विचारतील. गायाच्या आधी हिप्पार्कस नावाचा उपग्रह होता, त्याच्या १९९७ च्या कॅटलॉगमध्ये कृत्तिकांचं अंतर १२० पार्सेकच्या जवळ आलं होतं आणि बाकी सगळ्या पद्धती १३३-१३५ सांगत होत्या. फरक छोटा वाटतो, पण तो खरा मानला असता तर तरुण ताऱ्यांबद्दलचं आपलं गणितच बदलावं लागलं असतं. वाद बरीच वर्षं चालला. २०१४ मध्ये पृथ्वीवरच्या लांबलांबच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून माप घेतलं ते १३६ आलं, मग गायानंही तेच सांगितलं. म्हणजे एवढं अचूक यंत्रही एका जागी चुकू शकतं आणि ती चूक सापडते ती दुसऱ्या, पूर्ण वेगळ्या रीतीनं मोजल्यावरच.

प्रश्न : मॅडम, मला नोकरीला लागून तीन वर्षं झालीत. मी वर्गात मुलांना गणितं सोडवायला लावते, दोघादोघांच्या जोड्या करून, मग उत्तरावर बोलतो. माझ्या शेजारच्या वर्गात सर सुंदर नोट्स देतात, पाच युनिट वेळेत संपवतात. फीडबॅकमध्ये त्यांना पाचपैकी ४.७ आणि मला ३.१. एका मुलानं लिहिलंय "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात." एचओडी (विभागप्रमुख) म्हणाले पद्धत बदला. मी खरंच चुकतेय का?
— एक सहायक प्राध्यापिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ते एक वाक्य, "मॅडम शिकवत नाहीत", मला पण आलंय, शब्द थोडे वेगळे, वर्ष खूप जुनं. त्या दिवशी घरी जाऊन मी गुपचूप नोट्स काढायला घेतल्या होत्या. म्हणून तुम्हाला नीट उत्तर द्यायचंय.

अगदी तुमच्याच परिस्थितीवर हार्वर्डमध्ये २०१९ मध्ये एक प्रयोग छापून आलाय. फिजिक्सच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचा वर्ग, मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. एका गटाला अनुभवी शिक्षकाचं छान घोटलेलं लेक्चर, दुसऱ्याला तोच मजकूर आणि तीच हँडआउट्स, पण गणितं मुलांनी आधी आपापल्या गटात सोडवायची. पुढच्या विषयाला गटांची अदलाबदल. तासाच्या शेवटी दोन गोष्टी विचारल्या, तुम्हाला किती समजलं असं वाटतं, आणि एक छोटी परीक्षा. स्वतः सोडवणाऱ्यांना परीक्षेत जास्त मार्क पडले. आणि समजलं असं वाटण्यात मात्र ते मागे! लेक्चर ऐकणाऱ्यांना आपल्याला खूप आलं असं वाटत होतं, आलं होतं कमी.

असं का होतं ते तुम्ही वर्गात रोज बघता. पुलीचं गणित फळ्यावर तुम्ही सोडवलंत की प्रत्येक पायरी बरोबर वाटते, मुलं माना डोलावतात, वहीत उतरून घेतात. तेच त्यांना दिलंत की पहिली दोन मिनिटं पेन हलत नाही, टेन्शन दोरीच्या कुठल्या बाजूला दाखवायचं यावरच जोडीत भांडण, एक जण खोडरबर मागतो, एक खिडकीबाहेर बघतो. ते अडखळणं मुलाला "मला येत नाही" असं वाटतं. शिकणं तर नेमकं तिथेच चालू असतं. पण फॉर्म भरताना ते अडखळणं आठवतं आणि टिक खाली जाते.

हा एकटादुकटा प्रयोगही नाही. २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र करून बघितले होते, सायन्स, इंजिनिअरिंग, गणित असे विषय, नुसत्या लेक्चरच्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३४ टक्क्यांच्या जवळ आणि मुलांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गांत २२.

आता फीडबॅकच्या मार्कांकडे येते. १९८१ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून सांगितलं गेलं होतं की मुलांनी दिलेले मार्क आणि मुलांचं शिकणं यांच्यात ०.४३ चा संबंध आहे (१ म्हणजे पक्का संबंध, ० म्हणजे काहीच नाही). तीसपस्तीस वर्षं फीडबॅकवाले त्याचा आधार घेत राहिले. २०१७ मध्ये तीच माहिती आणि नंतरचे अभ्यास पुन्हा तपासले तर लक्षात आलं की मोठा संबंध दाखवणारे अभ्यास अगदी लहान होते, थोड्याशा वर्गांवर केलेले, आणि मोठे अभ्यास घेतले की संबंध जवळजवळ शून्यावर येतो. आकाशवाल्यांना हे दुखणं चांगलं माहिती आहे, पंधरा तारे घेऊन गुच्छाचं वय काढलं की काहीही येतं.

पण मला सगळ्यात पटलेला अभ्यास अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीतला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. वर नांदेडच्या मुलाला ज्या गुच्छांबद्दल लिहिलंय ना, त्यातले तारे एकाच ढगातून, एकाच सुमारास जन्मलेले, एकाच अंतरावर, फरक फक्त वस्तुमानाचा, म्हणून तुलना खरी होते, अगदी तशी जागा आहे ती. कॅडेटला शिक्षक निवडता येत नाही, कुठल्या तुकडीत जाईल ते चिठ्ठीनं ठरल्यासारखं ठरतं. सिलॅबस एक, पेपर एक, पेपर तपासणीही वाटून घेतलेली, त्यामुळे कुणी आपल्याच वर्गाला मार्क देऊ शकत नाही. बाकी सगळं सारखं आणि फरक फक्त शिक्षकाचा, असे दहा हजारांहून जास्त विद्यार्थी. आणि गणिताच्या कॅल्क्युलस एक या पहिल्या पेपरानंतर पुढचे गणिताचे आणि इंजिनिअरिंगचे पेपर सगळ्यांना सक्तीचे, म्हणजे पहिल्या शिक्षकानं शिकवलेलं पुढे किती टिकलं ते दिसतं. निघालं काय, तर ज्या शिक्षकांची मुलं त्याच पेपरात चमकली त्यांना फीडबॅक उत्तम, पण पुढच्या पेपरांत त्यांची मुलं मागे पडली. आणि अनुभवी, जास्त शिकलेल्या शिक्षकांची मुलं पहिल्या पेपरात थोडी कमी पण पुढे चांगली, त्यांना फीडबॅक मात्र कमी.

यावरून शेजारचे सर वाईट शिकवतात असं मी म्हणणार नाही, त्यांच्या मुलांचं पुढे काय झालं हे तुम्हाला ना मला माहितीय. पण ३.१ या आकड्यावरून पद्धत बदला असं म्हणायला आधार नाही, हे मी एचओडींसमोर बसून सांगायला तयार आहे.

तुम्ही दोन गोष्टी करा. एक, सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात मुलांना हा हार्वर्डचा प्रयोग सांगा, आकड्यांसकट, की तुम्हाला अवघड वाटेल आणि ते अवघड वाटणं म्हणजे काम चालू असल्याची खूण आहे. तिथल्या शिक्षकांनीही पुढे असं आधीच सांगून बघितलं तर मुलांची नाराजी कमी झाली. आणि दुसरं, मागच्या तीन वर्षांतली तुमची मुलं पुढच्या सेमिस्टरच्या मेकॅनिक्सच्या पेपरात कशी निघाली ते ऑफिसातून काढा, शेजारच्या वर्गाशी ताडून बघा. चिठ्ठ्या टाकून वर्ग केलेले नसतील, म्हणून बारावीचे मार्क पण शेजारी ठेवा. निकाल तुमच्या विरुद्ध गेला तर तोही मान्य करायचा, हे आधीच मनाशी ठरवून मग फाइल उघडा.

प्रश्न : मुलीला बीएससीला दोन ठिकाणी अ‍ॅडमिशन मिळतेय. एकीकडे प्राध्यापकांचे संशोधनाचे पेपर खूप, मोठी नावं. दुसरीकडे रिसर्च फारसा नाही पण शिकवतात चांगलं म्हणतात. मोठा संशोधक शिकवेलही चांगलंच ना?
— एक पालक, ठाणे

उत्तर : असं धरून चालू नका. १९९६ मध्ये ५८ अभ्यासांची बेरीज करून हाच प्रश्न बघितला होता, संशोधन चांगलं तर शिकवणं चांगलं असा संबंध आहे का. ०.०६ आला, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. उलटा संबंधही नाही बरं, म्हणजे पेपर लिहिणारा माणूस वर्गात वाईटच असंही नाही. एक कळल्यावरून दुसऱ्याबद्दल काही सांगता येत नाही, इतकंच. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तर २०१५ च्या एका अभ्यासात पहिल्या वर्षाच्या विषयांत, कायम पदावरच्या किंवा त्या वाटेवरच्या संशोधक-प्राध्यापकांपेक्षा फक्त शिकवण्यासाठी नेमलेल्या लोकांची मुलं पुढच्या विषयांत सरस निघाली. त्यातला शिकवण्याच्या मोजमापाचा भाग मला आवडला कारण तोही मुलं पुढे काय करतात यावर होता.

तुम्ही दोन्ही ठिकाणी जा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चारपाच मुलींशी कँटीनमध्ये बोला. सर कसे आहेत हे विचारू नका, पहिल्या वर्षाचं काय आज वापरताय ते विचारा. प्रॅक्टिकलला उपकरण स्वतः हाताळता की पाचजणींत एक करते आणि चारजणी रीडिंग उतरवतात ते विचारा. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट मिळतो का, आणि मिळाला तर पेपरवाल्या सरांच्या लॅबमध्ये बीएससीच्या मुलीला शिरू देतात का. ते देत असतील तर मोठ्या नावाचा उपयोग आहे, नाहीतर मुलीला ते नाव नोटीस बोर्डावरच दिसेल.

प्रश्न : मॅडम, नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या) मूल्यांकनासाठी आम्हाला विद्यार्थ्यांचं समाधान सर्वेक्षण करावंच लागतं. तुमचं म्हणणं फीडबॅक बंद करा असं आहे का?
— एक प्राचार्य, कोकण

उत्तर : नाही सर, बंद करू नका. जे मुलांनी डोळ्यांनी बघितलंय ते त्यांना विचारा, त्याचे ते उत्तम साक्षीदार आहेत. तास वेळेवर झाला का, मागच्या बाकापर्यंत आवाज येतो का, तपासलेली वही किती दिवसांनी परत मिळाली, शंका विचारल्यावर उत्तर मिळतं की ओरडा. "शिक्षक प्रभावी आहेत का" हा प्रश्न काढा, त्याचं उत्तर एकोणीस वर्षांच्या मुलाला त्या क्षणी देता येत नाही. आणि सरासरी काढून भिंतीवर लावू नका, विशेषतः बाईंची सरांशी तुलना करून. फ्रान्समधल्या एका विद्यापीठातल्या हजारो फॉर्मांवर २०१६ मध्ये काम झालंय, तिथे बायकांना कमी मार्क पडत होते आणि मुलांच्या परीक्षेतल्या कामगिरीवरून ते समजावता येत नव्हते.

प्रश्न : आजीला कृत्तिका सहा दिसतात, मला सात दिसतात, बाबांना नुसतं धूसर दिसतं. खऱ्या किती? आणि त्या कायम एकत्र राहणार का?
— इयत्ता सातवी, सांगली

उत्तर : खऱ्या हजाराहून जास्त आहेत बाळा! नुसत्या डोळ्यांना बहुतेकांना सहाच दिसतात, म्हणून तर गोष्टीत कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिका सहा आहेत. तुझे डोळे चांगले आहेत आणि सांगलीबाहेर शेतावर काळोख पण चांगला असणार. बाबांना म्हणावं चष्मा तपासून घ्या.

फोटोत त्यांच्याभोवती निळा धूर दिसतो ना, तो त्यांच्या जन्माच्या वेळचा उरलेला ढग असेल असं आधी वाटायचं. तसं नाहीये. कृत्तिका प्रवासात आहेत आणि वाटेत भेटलेल्या दुसऱ्याच धुळीच्या ढगातून आत्ता जातायत.

कायम एकत्र नाही राहणार त्या. तारे जन्मतात ते वायूच्या मोठ्या ढगात, आणि त्या ढगातला बराचसा वायू ताऱ्यात जातच नाही, नुसता भोवती असतो, त्याच्या ओढीनं सगळे धरून राहतात. मग मोठे गरम तारे पेटले की त्यांच्या उजेडानं आणि वाऱ्यानं तो वायू उडून जातो, ओढ कमी होते आणि तारे पांगतात. ढगात जन्मलेल्या शंभर गुच्छांतले दहासुद्धा कृत्तिकांच्या वयापर्यंत टिकत नाहीत. कृत्तिका टिकल्यात, आणखी २५ कोटी वर्षं तरी टिकतील असा हिशोब आहे, मग आपल्या आकाशगंगेच्या ओढाताणीत हळूहळू सुटत जातील. आपला सूर्यही बहुतेक असाच भावंडांबरोबर जन्मलेला, ती आता कुठे कुठे गेलीत ते शोधायचं काम चालू आहे.

कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या जवळ असतो, महिन्याला नाव त्यावरूनच पडलंय, पण त्या रात्री उजेडामुळे त्या नीट दिसत नाहीत. अमावस्येच्या आसपास रात्री नऊला पूर्वेकडे बघ. थेट त्यांच्याकडे रोखून न बघता थोडं बाजूला बघायचं, म्हणजे फिकट तारे जास्त दिसतात. पाच रात्री मोज, आजीलाही मोजायला सांग, एकमेकांना आकडा न सांगता वेगवेगळ्या कागदावर लिहा, आणि दोन्ही कागद मला पाठव.